कंबर धरली म्हणून जिम सोडायची का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका 36 वर्षांच्या शिक्षिकेनं लिहिलं आहे. रक्तातली साखर काठावर आली म्हणून त्या दीड वर्षापूर्वी जिमला जाऊ लागल्या आणि वजनं उचलण्याची त्यांना गोडी लागली. जिममध्ये डेडलिफ्टची, म्हणजे वजनं लावलेला बार जमिनीवरून वाकून उचलत सरळ उभं राहण्याची, घरगुती स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा चार आठवड्यांत त्या 40 किलोंवरून 65 किलोंवर गेल्या. आठवड्यातले दोन दिवस होते, त्याचे तीन केले. एका सकाळी शेवटच्या सेटला कंबरेत कळ आली आणि दुसऱ्या दिवशी बेसिनपाशी तोंड धुवायलाही वाकता येईना. त्याला आता सहा आठवडे झाले. दुखणं कमी आहे, पण कंबरेत आणि उजव्या कुल्ल्यापर्यंत जाणवतं. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल-4 एल-5 या मणक्यांमध्ये ‘सौम्य डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधल्या चकतीला हलका फुगवटा, निघाला. डॉक्टर म्हणाले, यापुढे वजन उचलू नका. ट्रेनर म्हणाला, थोडं दुखणारच, बेल्ट लावून करा. सासूबाईंनी पायाळू बाईकडे नेलं. सध्या त्या दिवसभर बेल्ट लावतात, वाकत नाहीत, तीन वर्षांच्या मुलाला उचलत नाहीत. व्यायामाच्या वहीची पानं आणि त्या दिवसाआधीचा एक व्हिडिओ त्यांनी सोबत पाठवला आहे. त्या विचारतात: ‘माझी कंबर मुळातच कमकुवत आहे का? दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पडून राहू का? जिम कायमची सोडू का? अंगात आलेली ही ताकद फक्त माझी होती. ती गेली या विचारानं रडू येतं.’

प्रिय ताई,

आधी तातडीचं बोलू. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावर ताबा न राहणं, बसताना जो भाग सीटला टेकतो तिथे बधिरपणा येणं, पायांतली ताकद जाणं, यातलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. कण्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जो जुडगा असतो त्यावर दाब आला की असं होतं आणि तिथे उशीर परवडत नाही. दुखण्यासोबत ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कधी कर्करोग झालेला असेल, पडल्या-आपटल्यानंतर दुखायला लागलं असेल किंवा कोणत्याही कुशीवर रात्रभर चैन पडत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावेत. हे मी तुमच्याबरोबर हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते आहे.

तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. तरी घरी एक गोष्ट करून बघा. अनवाणी, भिंतीजवळ, फक्त टाचांवर दहा पावलं चाला. मग फक्त चवड्यांवर दहा पावलं. एका बाजूचं पाऊल पुढून खाली पडत असेल किंवा एकच टाच वर उचलली जात नसेल, तर नसेवर परिणाम झालेला असू शकतो आणि तो तज्ज्ञानं हात लावूनच तपासायला हवा. दोन्ही नीट जमलं तर पुढचं वाचा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे एमआरआयच्या आधी मी तुमची वही उघडली. सुरुवातीच्या पानावर 40 किलो, आठ-आठ रेपचे तीन सेट (एकदा उचललं की एक रेप, लागोपाठ आठ रेप म्हणजे एक सेट), आठवड्यातून दोनदा असं लिहिलेलं आहे. म्हणजे एका दिवशी 960 किलो आणि आठवड्याला 1920. शेवटच्या पानावर 65 किलो, पाच-पाचचे पाच सेट, आठवड्यातून तीनदा. म्हणजे दिवसाला 1625 आणि आठवड्याला 4875 किलो. तुम्हाला वाटत राहिलं की आपण 25 किलोच वाढवले. कंबरेच्या वाट्याला मात्र आठवड्याचं ओझं अडीचपट झालं, तेही एका महिन्यात. त्याच महिन्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं, ‘दिवसभर उभी, रात्री पाच तास झोप’ असं तुम्हीच एका पानाच्या कोपऱ्यात लिहिलं आहे. स्नायू, कण्याचे सांधे आणि हाडं एकमेकांना जोडणारे अस्थिबंध सावरतात ते विश्रांतीत. ओझं वाढलं आणि सावरायचा वेळ घटला, दोन्ही एकदम.

आणखी एक गोष्ट ट्रेनरनं सांगायला हवी होती. सुरुवातीला ताकद झपाट्यानं वाढते, कारण मेंदू आणि नसा असलेल्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात. स्नायू हाडाला जोडणारे स्नायूबंध, अस्थिबंध आणि मणक्यांमधल्या चकत्या यांना त्या ओझ्याची सवय व्हायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. म्हणून बार उचलला जातो, पण ते वजन आठवड्यामागून आठवडे पेलायला शरीर तयार झालेलं नसतं. नवख्यांच्या बाबतीत हीच वेळ फसवी असते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात रोज सात-सात तास घेतले की तुमचा घसा बसत असेल. तेव्हा तुम्ही आपला गळाच मुळात कमकुवत आहे असं म्हणत नाही, शिकवणंही सोडत नाही. कंबरेला तुम्ही ही सवलत दिली नाहीत.

आता तो रिपोर्ट. ‘डिस्क बल्ज’ हे दोन शब्द वाचून माणूस हादरतो, हे मी रोज बघते. अहवालाचा कागद हातात आला की चालणंच बदलतं. लोक खुर्चीचे दोन्ही हात धरून उठू लागतात, जणू आत काहीतरी सुटून पडेल. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्यांची तपासणी केली तर काय दिसतं? 2015 साली अशा 3110 लोकांच्या स्कॅनचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. कसलंही दुखणं नसलेल्यांमध्ये तिशीतल्या सुमारे 40 टक्के आणि चाळिशीतल्या 50 टक्के लोकांच्या चकत्यांना फुगवटा होता. तुम्ही 36 वर्षांच्या आहात. तुमच्या स्टाफरूममधल्या ज्यांची कंबर कधी दुखली नाही, त्यांचा एमआरआय काढला तर त्यांच्यातल्या कित्येकींच्या रिपोर्टवर हेच दोन शब्द येतील. तुमचा फुगवटा डेडलिफ्टनं झाला की आधीपासून होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि चकती खरोखर बाहेर येऊन नसेवर टेकली, तरी पुष्कळदा शरीर तो भाग काही महिन्यांत आपोआप शोषून घेतं. रिपोर्ट खोटा नाही. पण तुम्हाला दुखतं कशानं, याचं पुरेसं उत्तर त्यात नाही.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर फिल्म होती आणि वेदनेनं वाकलेली रुग्ण होती, तुमची वही नव्हती. पुढच्या भेटीत ती घेऊन जा आणि विचारा: नसेवर दाब आहे का, तपासणीत पायाची ताकद आणि संवेदना ठीक आहेत का, आणि ‘वजन उचलू नका’ म्हणजे किती दिवस, कोणतं वजन? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीसकट तो तीसएक किलोंचा भरतो. पाण्याचा वीस लिटरचा जार वीस किलोंहून जास्त. तुमचा मुलगा बारा-चौदा किलोंचा असेल, शिवाय तो उचलताना स्वस्थ राहत नाही. बाईनं जिममध्ये उचललेलं वजन सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं आणि घरातल्या वजनाचा हिशेब कुणी धरत नाही. आयुष्यभर वजन न उचलणं तुम्हाला शक्य नाही. मग ते उचलायला कंबर तयार असलेली बरी, आणि ती तयारी वजन उचलूनच होते.

पडून राहण्याचं म्हणाल, तर सहा आठवडे झाल्यावर ते कामाचं नाही. पहिले एक-दोन दिवस असह्य दुखत असताना आडवं होणं वेगळं. फिनलंडमध्ये 1995 साली कंबर नुकतीच धरलेल्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. झेपेल तितकी रोजची कामं करत राहिलेले लोक अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. ‘शून्य दुखेपर्यंत थांबेन’ या वाक्यात एक सापळाही आहे. न वाकण्यानं कंबर ताठरते, ताठरलेली कंबर वाकताना दुखते, आणि दुखलं म्हणून आपण आणखी कमी वाकतो. तुम्ही मुलाला उचलणं बंद केलंत ते दुखण्यापेक्षा भीतीनं जास्त, असं तुमच्या पत्राच्या सुरावरून मला वाटतं.

बेल्टचंही तसंच. जड वजन उचलताना मोजक्या सेटपुरता पट्टा लावतात, कारण त्यावर पोट दाबून श्वास धरला की धडाला आधार मिळतो. फळा पुसताना, भाजी निवडताना, स्कूटरवर तो लावून काही साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये तीन महिन्यांपेक्षा जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम करावा असं सांगितलं आहे आणि कंबरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलं आहे. तुमचं दुखणं अजून तितकं जुनं नाही, ते तसं होऊ नये म्हणूनच हे लिहिते आहे. पट्टा एकदम काढू नका. या आठवड्यात घरात काढा, पुढच्या आठवड्यात शाळेत.

सासूबाईंनी पायाळू बाईकडे नेलं, त्यामागची माया मला दिसते. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सुटते आणि श्रेय शेवटी जे केलं त्याला मिळतं. पाय नुसता लावला तर काही बिघडत नाही. जोरात लाथ किंवा हिसका मात्र नको, कण्याला कडाकडा वाजवून ‘जागेवर बसवणारेही’ नकोत, विशेषतः पायात मुंग्या येत असतील तर. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकणं आणि हलक्या हातानं चोळणं चालेल, त्यानं आराम पडतो आणि हालचाल सोपी होते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून थोडेच दिवस घ्या. पित्त, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर न विचारता एकही नको. आणि जिमला जाण्याआधी गोळी कधीच घेऊ नका, दुखण्यातून मिळणारी सूचनाच त्यानं दबते.

ट्रेनर म्हणतो ‘थोडं दुखणारच’. हे अर्धं खरं आहे. कसलं दुखणं आणि किती, हे त्यानं विचारायला हवं होतं. मांड्या नि कुल्ले दोन दिवस भरून येणं ठीक. वाकताना कंबरेत कळ येते आणि दुसऱ्या सकाळी मोजे घालता येत नाहीत, तर त्यावर पट्टा बांधून पुढे जायचं नसतं. मी माझ्या रुग्णांना एक साधी मोजपट्टी देते. शून्य ते दहामध्ये तीनपर्यंतचं दुखणं व्यायाम करताना चालेल. ते चोवीस तासांत पूर्वीच्या पातळीवर यायला हवं, आणि आजची सकाळ कालच्या सकाळपेक्षा वाईट नको. वाईट असेल तर एक पायरी खाली उतरायचं, व्यायाम बंद करायचा नाही. दुखणं कुल्ल्यातून गुडघ्याखाली उतरू लागलं, तर मात्र थांबून तपासून घ्यायचं.

आता काय करायचं. पहिले दोन आठवडे रोज चाला, जमेल तितकं, दिवसातून दोन-तीनदा विभागून. सकाळी उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळा. रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हा वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. तुमची ती पहाटे पाच वाजताची बॅच सध्या सोडा, संध्याकाळची घ्या. घरी पाठीवर झोपून गुडघे मोडून कुल्ले उचलणं, हातापायांवर ओणवं होऊन उलट बाजूचा हात आणि पाय लांबवणं, कुशीवर कोपर टेकून गुडघ्यांवर धड उचलून धरणं, एवढं पुरे. सेकंद थोडे धरा, पण रोज करा.

त्याबरोबर वाकायला नव्यानं शिका. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. झाडूची काठी पाठीवर उभी धरा, डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड असं तीन ठिकाणी ती टेकलेली हवी. गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले मागे ढकला, ते भिंतीला टेकले की परत या. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाकणं कंबरेऐवजी खुब्यातून झालं. ते सहज जमू लागलं की एक पाऊल पुढे सरका. रोज दहा-पंधरा वेळा. मुलाला उचलतानाही हेच करा: त्याला स्टुलावर उभं करा, अंगाशी घ्या आणि मग उचला. आजपासून उचला.

यात दिवस बरे जाऊ लागले की जिममध्ये परत जा आणि ट्रेनरला तुमचा व्हिडिओ दाखवा. त्यात मला एक गोष्ट लगेच दिसली. स्पर्धेतल्या 20 किलोच्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. तुमच्या बारला 15 किलोच्या छोट्या लोखंडी प्लेट आहेत. आपल्याकडच्या कितीतरी जिममध्ये याच असतात. बार त्यामुळे बराच खाली येतो, आणि प्रत्येक रेपला तुम्ही तितकं जास्त वाकत होता. त्या खोलीवर तुमचे कुल्ले आधी वर जातात आणि बार मागून येतो, म्हणजे उरलेलं सगळं पाठ ओढते. वर पायात धावण्याचे मऊ बूट. तेव्हा बार दोन्ही बाजूंनी ठोकळ्यांवर किंवा प्लेटच्या थप्पीवर ठेवा, गुडघ्याच्या थोडं खाली येईल इतक्या उंचीवर, आणि सपाट तळव्याचे बूट घाला किंवा अनवाणी करा. पण लक्षात असू द्या, पद्धत निर्दोष असती तरी अडीचपट ओझ्यानं कंबर कुरकुरलीच असती.

वजन किती? त्या उंचीवरून 30 किलो, आठचे दोन-तीन सेट, आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सोडून. प्रत्येक सेट थांबवताना आणखी दोन-तीन रेप सहज झाले असते असं वाटायला हवं. पुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वजन, सेट, दिवस किंवा खोली (बार किती खालून उचलता ते). वजन वाढवायचं तर एका आठवड्यात दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवा. या चालीनं 40 वर परत यायला निदान दीडएक महिना आणि 60 च्या आसपास यायला चार-पाच महिने लागतील. तुम्हाला ते फार वाटेल. परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस, आजारपण, मासिक पाळीत जास्त त्रास होणारे दिवस, तेव्हा आहे तिथेच राहा.

कंबर दुखणाऱ्यानं डेडलिफ्ट करणं हा वेडेपणा आहे असं घरी कुणी म्हणालं, तर त्यांना हे सांगा. स्वीडनमध्ये 2015 साली कंबरदुखीच्या 70 रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना हलके, हालचाल सुधारणारे व्यायाम दिले आणि निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत डेडलिफ्ट करायला लावलं. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. रोजच्या कामांतल्या सुधारणेत हलके व्यायाम करणारे पुढे राहिले, म्हणून तर मी तुम्हाला आधी काठी आणि भिंत सांगितली.

तुम्हाला डेडलिफ्ट नकोच वाटू लागली असेल, तर तेही चालेल. साखर काबूत ठेवायला आणि हाडं मजबूत राहायला स्नायूंना जड काम हवं, ते या एकाच प्रकारानं मिळतं असं नाही. लेग प्रेस, पायरी चढणं, डंबेल घेऊन चालणं, जोर-बैठका, सगळ्यानं मिळतं. पण तुमचं पत्र वाचून मला वाटतं की तुम्हाला तो बारच हवा आहे. मग भीतीपोटी तो सोडू नका. स्पर्धा यंदा सोडा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. नुकती बाळंत झालेली स्त्री, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेले, कण्याची शस्त्रक्रिया झालेले, यांनी वरचे आकडे उचलून वापरू नयेत, आपल्या तज्ज्ञांकडून स्वतःचे ठरवून घ्यावेत. आणि कॉलेजातल्या मुलांनो, मित्राच्या बारवर किती प्लेट आहेत ते बघून तुमच्या बारवर चढवू नका.

ताई, या पद्धतीनं चार ते सहा आठवडे करून काहीच फरक पडला नाही, किंवा पडलेला फरक टिकला नाही, तर वजनं उचलणाऱ्यांबरोबर काम करणारा फिजिओथेरपिस्ट शोधा आणि पहिल्या भेटीला वही, व्हिडिओ आणि जिमचे बूट बरोबर न्या. त्यानं तुम्हाला वाकायला न लावता नुसती यंत्रं लावून घरी पाठवलं, तर दुसरा शोधा. आणि झोपेचं तेवढं आजपासून बघा. वहीत वजनाच्या रकान्याशेजारी झोपेचे तास लिहायला एक रकाना आखा, आणि ज्या दिवशी तिथे सहापेक्षा कमी आकडा येईल, त्या दिवशी बारवर काही वाढवू नका.